ऑपरेशननंतरची पाच वर्षे

(कार्यकर्ता शिबिराच्या आरोग्य सत्रात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या शिबिरांत तलाक, शिक्षण, शिष्यवृत्ती, रेशन, कागदपत्रे या विषयांवर बोलणे होतेच. आज आरोग्यासाठी एक तास वेगळा काढला, याबद्दल आयोजकांचे आभार. मला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर बोलायला सांगितले आहे. पण कॅन्सर का होतो, काय खावे, काय टाळावे, यावर मी बोलणार नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. ज्यांना हा कॅन्सर झाला, ज्यांचे ऑपरेशन झाले, केमो संपली आणि जे घरी परतले, त्यांच्याबद्दल मला बोलायचे आहे.

माणूस घरी परतला की घरात आनंद असतो. मन्नत फेडली जाते, नातेवाईक भेटून जातात, आणि केसपेपरची पिशवी कपाटावर जाते. पुढे तीन महिन्यांनी यायला सांगितले आहे, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असते. बऱ्याच घरांत ते कोणी पुन्हा वाचत नाही. आपल्यासारख्या संघटनेने काम करायची जागा नेमकी इथे आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी आजाराचा आवाका पाहू. २०२२ साली जगभरात मोठे आतडे आणि गुदाशय यांच्या कॅन्सरचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने मेली. भारताचा त्या वर्षीचा अंदाज सुमारे ७० हजार नव्या रुग्णांचा आहे. आपल्याकडे दर माणशी प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. पण आपला रुग्ण उशिरा येतो. शौचातून रक्त जाते, तो मूळव्याध समजून वर्षभर मलम लावतो, झाडपाला घेतो आणि मग दवाखाना गाठतो. त्यामुळे जो वेळेत पोहोचला, ज्याची गाठ काढता आली, तो नशीबवान. या नशीबवान माणसाला पुढे हातचे घालवणे आपल्याला परवडणारे नाही.

आता पाठपुरावा म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगतो. हा आजार उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत उलटतो. तो लिव्हरमध्ये किंवा फुप्फुसात दिसतो, कधी ऑपरेशनच्या जागीच. या कॅन्सरची एक गोष्ट लक्षात ठेवा: लिव्हरमध्ये एक-दोनच गाठी असताना त्या सापडल्या, तर काही रुग्णांत त्या काढता येतात आणि माणूस पुन्हा बरा होऊ शकतो. उशीर झाला की ती संधी जाते. दुसरे असे की, उरलेल्या आतड्यात नवा कोंब, म्हणजे पॉलिप, येऊ शकतो. तो छोटा असताना कोलोनोस्कोपीतूनच काढून टाकता येतो.

म्हणून जगभर जे वेळापत्रक साधारणपणे वापरले जाते ते असे. पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची भेट आणि रक्ताची ‘सीईए’ तपासणी. पुढची तीन वर्षे दर सहा महिन्यांनी. पाच वर्षे दर सहा ते बारा महिन्यांनी सीटी स्कॅन. ऑपरेशननंतर एक वर्षाने कोलोनोस्कोपी, ती स्वच्छ निघाली तर तीन वर्षांनी, मग पाच वर्षांनी. कोणाला यातले किती लागेल हे त्याच्या आजाराच्या टप्प्यावर ठरते आणि ते त्याचे डॉक्टर सांगतील. पण नियम आहे आणि तो लिहून मिळतो, हे प्रत्येक कुटुंबाला माहीत असायला हवे.

इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे, नाहीतर मी तुम्हाला अर्धेच सांगितल्यासारखे होईल. जास्त तपासण्या म्हणजे जास्त आयुष्य, असे सिद्ध झालेले नाही. इंग्लंडमध्ये १,२०२ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली आले. ज्यांच्या ठरवून नियमित तपासण्या झाल्या, त्यांच्यात उलटलेला आजार ऑपरेशनच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण ६ ते ८ टक्के होते. ज्यांना फक्त त्रास झाला तर या असे सांगितले होते, त्यांच्यात ते २.३ टक्के होते. म्हणजे तपासणीने आजार लवकर सापडतो, हे खरे. पण एकूण मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. पुढे २०१८ साली स्वीडन, डेन्मार्क आणि उरुग्वे इथल्या २,५०९ रुग्णांच्या चाचणीत तीन वर्षांत पाच वेळा तपासलेले आणि दोनच वेळा तपासलेले यांची तुलना झाली. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतले मृत्यू जवळजवळ सारखे होते.

यातून कोणी म्हणेल, मग कशाला जायचे? पण त्या कमी तपासणीच्या गटातल्या माणसाची बाराव्या आणि छत्तिसाव्या महिन्याची तपासणी ठरलेली होती, आणि त्याचे नाव कोणाच्या तरी यादीत होते. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांच्या नशिबी त्या दोनही नसतात. तेव्हा खासगी लॅबचे महागडे पॅकेज घ्या, दर महिन्याला स्कॅन करा, असे मी सांगत नाही. जे मोजके आणि ठरलेले आहे ते प्रत्येकाचे व्हावे, आणि गरिबाचेही व्हावे, इतकेच माझे म्हणणे आहे.

आता मी अमेरिकेकडे जातो. तिथे हा प्रश्न रंग, उत्पन्न आणि विमा यांनुसार वर्षानुवर्षे मोजला गेला आहे, म्हणून. तिथल्या अभ्यासांत एक नमुना पुन्हा पुन्हा दिसतो. बरे झालेल्या रुग्णांपैकी बहुतेकांची डॉक्टरांशी भेट होते. वेळेवर कोलोनोस्कोपी त्याहून कमी जणांची होते. आणि रक्ताची साधी सीईए तपासणी, जी सर्वांत सोपी, ती सर्वांत जास्त चुकते. माणूस दवाखान्यात येतो, पण चिठ्ठी, तारीख, लॅब आणि रिपोर्ट यांच्या मधल्या कुठल्यातरी फटीत हरवतो. आणि हरवणाऱ्यांत विमा नसलेले, गरीब, वयस्क आणि कृष्णवर्णीय यांचे प्रमाण अनेक अभ्यासांत जास्त निघाले आहे. तिथे कृष्णवर्णीयांना हा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के अधिक होतो, पण त्याने होणारे मृत्यू मात्र सुमारे ४० टक्के अधिक आहेत. या दोन आकड्यांमधले अंतर बरेचसे निदानाच्या वेळेत, उपचारात आणि त्यानंतरच्या काळजीत तयार होते.

हे अंतर कसे तयार होते ते आपल्या ओळखीच्या जागी नेऊन पाहू. मालेगावच्या यंत्रमागावर काम करणारा कारागीर घ्या. त्याचे ऑपरेशन मुंबईला झाले, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले, खिशातून फारसे गेले नाही. उत्तम. पण या योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर असतो. आता त्याला पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी बोलावले, तर आठ खेपा होतात. पुढच्या तीन वर्षांत सहा. म्हणजे पाच वर्षांत चौदा खेपा. एका खेपेला रक्त देणे, रिपोर्ट घेणे, डॉक्टरांना दाखवणे आणि प्रवास धरून किमान दोन दिवस जातात. अठ्ठावीस दिवस. सोबत बायको किंवा मुलगा, तेही अठ्ठावीस. कोलोनोस्कोपी आणि स्कॅनचे दिवस वेगळेच. माग बंद तर मजुरी बंद. म्हणजे साधारण छप्पन्न दिवसांची रोजी, भाडे आणि बाहेरचे खाणे, एवढा खर्च त्याने अशा तपासणीवर करायचा, जिच्या शेवटी डॉक्टर म्हणणार, “सगळे ठीक आहे, तीन महिन्यांनी या.” तिसऱ्या खेपेला तो म्हणतो, आता बरे वाटतेय, कशाला जायचे. आपण त्याला निष्काळजी म्हणतो. त्याच्या जागी बसून हिशोब केला की तो शब्द तोंडात येत नाही.

डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन नावाचे एक शल्यविशारद न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या सरकारी रुग्णालयात काम करत. हार्लेम म्हणजे गरीब कृष्णवर्णीयांची वस्ती. १९९० साली त्यांनी एका सहकाऱ्यासोबत एक लेख लिहिला आणि त्यात दाखवले की हार्लेममधल्या पुरुषाची वयाच्या ६५ पर्यंत पोहोचण्याची शक्यता बांगलादेशातल्या पुरुषापेक्षा कमी आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरात! त्यांच्या रुग्णालयातल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांपैकी १९६४ ते १९८६ या काळात पाच वर्षे जगणाऱ्या ३९ टक्केच होत्या. निम्म्या स्त्रिया आजार फार पुढे गेल्यावर येत.

फ्रीमन यांनी दोन गोष्टी केल्या. गरिबांसाठी तपासणी मोफत किंवा अगदी स्वस्त केली. आणि १९९० पासून वस्तीतलीच माणसे रुग्णांसोबत नेमली. त्यांना ‘नॅव्हिगेटर’ म्हणत, म्हणजे वाट दाखवणारे. ही माणसे डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. तारीख चुकली तर घरी जाऊन विचारायचे, फॉर्म भरून द्यायचा, मुलांना कोण सांभाळणार ते पाहायचे, भीती वाटत असेल तर शेजारी बसायचे, हे त्यांचे काम. १९९५ ते २००० या काळातल्या रुग्णांत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्के झाले. वस्ती तीच होती आणि गरिबीही तीच होती.

तुम्ही म्हणाल, तो स्तनाचा कॅन्सर. मग डेलावेअर पाहा. अमेरिकेतले हे लहानसे राज्य. तिथल्या सरकारने २००२ च्या सुमारास ठरवले की मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी प्रत्येकापर्यंत न्यायची, विमा नसेल त्याचा खर्च राज्याने उचलायचा, कॅन्सर निघाला तर उपचारांचाही, आणि रुग्णालयांत या कामासाठी नर्स-नॅव्हिगेटर नेमायच्या. २००२ साली तपासणी झालेल्यांचे प्रमाण कृष्णवर्णीयांत ४८ टक्के आणि गोऱ्यांत ५८ टक्के होते. २००९ साली दोघांतही ७४ टक्के झाले. कृष्णवर्णीयांतले या कॅन्सरचे मृत्यू ४२ टक्क्यांनी घटले आणि दोन समाजांमधले मृत्यूचे अंतर जवळजवळ मिटले. ही तपासणी कॅन्सर होण्याआधीची होती, नंतरची नव्हती, हे मान्य. पण त्यातला धडा दोन्हीला लागू पडतो. जी विषमता लोक रक्तात, सवयींत किंवा संस्कृतीत आहे असे समजत होते, ती सात-आठ वर्षांत मिटवता आली.

अजून एक अगदी अलीकडचे उदाहरण, तेही बरे झालेल्या रुग्णांचेच. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत केमो संपलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला व्यायाम आणि आहाराची माहिती देणारे पुस्तक दिले. दुसऱ्या गटाला तीन वर्षे एक प्रशिक्षक दिला, जो त्यांना नियमित भेटून चालण्यासारखा व्यायाम करवून घेई. पाच वर्षांनी आजार न उलटलेले पहिल्या गटात ७४ टक्के होते, दुसऱ्यात ८० टक्के. व्यायामाचे महत्त्व आहेच. पण आपल्यासारख्या पत्रके छापणाऱ्यांनी दुसरीही गोष्ट पाहावी. दुसऱ्या गटाला पुस्तकाबरोबर एक माणूस मिळाला होता.

हे सगळे अमेरिका-कॅनडात चालते, आपल्याकडे कुठे, असा प्रश्न मला दर वेळी येतो. आपल्याकडेही झाले आहे, आणि ते सोलापूर जिल्ह्यात बार्शीला झाले आहे. १९८७ साली तिथे भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. खेड्यातला रुग्ण दवाखान्यात येतच नाही, मग नोंद कशी होणार? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते स्वतः गावोगाव जाऊ लागले. सरपंच, शिक्षक, दाई यांना भेटत, कॅन्सरची लक्षणे सांगत, संशय असेल त्याला तपासणीला घेऊन येत. काही वर्षांतच असे दिसले की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या आहेत. मोठे यंत्र आणले नव्हते. माणसे घराघरांत जात होती. मुंबईच्या टाटा मेमोरियलनेही आता ‘केवट’ या नावाने रुग्णांना वाट दाखवणाऱ्यांचे प्रशिक्षण सुरू केले आहे. केवट म्हणजे नावाडी. नाव नेमके आहे, कारण रुग्णाला या तीरावरून त्या तीरावर कोणीतरी न्यावेच लागते.

आता आपल्या मोहल्ल्यातल्या काही गोष्टी, ज्या बाहेरच्या नॅव्हिगेटरला सहज दिसणार नाहीत आणि आपल्याला दिसतात.

पहिली गोष्ट पोटावरच्या पिशवीची. गुदाशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर काही रुग्णांना पोटावर शौचाची वाट करून पिशवी लावावी लागते. त्याला स्टोमा म्हणतात. आपला माणूस यानंतर मशिदीत जाणे सोडतो. वुजू राहत नाही, कपडे पाक राहत नाहीत, वास येईल, लोक काय म्हणतील. मग लग्नाला जाणे सुटते, मग घराबाहेर पडणे, आणि घराबाहेर न पडणारा माणूस दवाखान्यातही जात नाही. खरे तर ज्याचा स्राव सतत चालू असतो त्याला फिक्हमध्ये ‘माजूर’ म्हणतात. त्याने प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी वुजू करावा आणि नमाज पढावी, ही हनफी फिक्हची जुनीच मांडणी आहे. ही गोष्ट आपण सांगितली तर तो ऐकेल न ऐकेल. इमामसाहेबांनी जुम्याला दोन वाक्यांत सांगितली तर ऐकेल. त्यांना भेटून विनंती करणे हे आपले काम. पिशवी कशी बदलावी, कातडी कशी जपावी, हे शिकवणाऱ्या नर्स मोठ्या रुग्णालयांत असतात आणि मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. त्यांच्याशी जोडून द्या.

दुसरी गोष्ट बायकांची. कोलोनोस्कोपीसाठी नेणारे कोणी हवे, आणि ती तपासणी पुरुष डॉक्टर करणार असेल तर ती गप्प बसते. “मला काही त्रास नाही” असे ती म्हणते तेव्हा तिला लाज वाटते का, सोबत नाही का, की मुलाचा एक दिवसाचा पगार वाचवायचा आहे, हे आपल्या महिला कार्यकर्त्यांनी खोदून विचारले पाहिजे. स्त्री डॉक्टर मिळेल का, हे तारीख घेतानाच विचारता येते. नसेल तर आत नर्स सोबत असेल, हे तिला आधी सांगितले की निम्मी भीती कमी होते.

तिसरी गोष्ट रमजानची. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे औषध आणि भरपूर पाणी प्यावे लागते. ते रोजा ठेवून होत नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआनातच आहे. पण वाद घालत बसण्यापेक्षा कॅलेंडर पाहून तारीख रमजानच्या आधीची घ्या. ईदनंतर जाऊ असे म्हटले की ते दोन-चार महिन्यांवर जाते, असा अनुभव आहे.

चौथी गोष्ट घरच्यांची. ज्याला हा कॅन्सर झाला त्याच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी आपल्या डॉक्टरांना हे सांगितले पाहिजे. त्यांची कोलोनोस्कोपी साधारणपणे वयाच्या चाळिशीत, किंवा घरातल्या रुग्णाला ज्या वयात आजार झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यातले जे लवकर असेल तेव्हा सुरू करायला सांगतात. बापाला ४२ व्या वर्षी झाला असेल तर मुलाने ३२ व्या वर्षी. “खानदानी बीमारी म्हटली की मुलीचे लग्न जमणार नाही” या भीतीने घरे हे लपवतात. ती भीती खरी आहे, पण तिची किंमत मुलांना मोजावी लागते.

मग करायचे काय? नवी संस्था काढू नका, इमारत बांधू नका, आरोग्य मेळाव्याचे बॅनर नको. एक वही घ्या. आपल्या वस्तीत गेल्या पाच वर्षांत मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झालेले कोण आहे, ते शोधा. त्यांची परवानगी घेऊन नाव लिहा. नाव कोणालाही सांगायचे नाही, हा पहिला नियम. त्यापुढे चार रकाने: ऑपरेशनची तारीख, पुढची भेट, सीईए कधी, कोलोनोस्कोपी कधी. डिस्चार्ज कार्ड नीट वाचून भरा. समजले नाही तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन विचारा.

एका कार्यकर्त्याकडे तीनपेक्षा जास्त घरे देऊ नका. तारखेच्या आठ दिवस आधी त्याने घरी जायचे. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी आणि नियमित तपासणीसाठीही रेल्वे भाड्यात सवलत आहे, सोबत्यालाही आहे. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो, तो मिळवून द्यायचा. रक्ताची तपासणी जवळच्या सरकारी रुग्णालयात करून रिपोर्ट फोनवर दाखवला तर चालेल का, हे मुंबईच्या डॉक्टरांना विचारायचे. होकार मिळाला तर मालेगावच्या त्या कारागिराच्या चौदा खेपांतल्या निम्म्या वाचू शकतात. उरलेल्या खेपांच्या मजुरीसाठी जकात आणि सदक्याच्या पैशातून काही बाजूला काढता येईल का, हे आपल्या वस्तीतल्या जाणत्यांसोबत बसून ठरवा. शस्त्रक्रियेला मदत करायला लोक पुढे येतात. भाड्याला आणि बुडालेल्या रोजीला कोणी देत नाही, कारण त्यात दिसण्यासारखे काही नसते. आपण तिथे द्यावे.

आणि दोन तारखांच्या मध्ये काही झाले तर थांबायचे नाही. शौचातून रक्त, वजन घटणे, पोटात सतत दुखणे, शौचाची सवय बदलणे, यातले काही दिसले तर “मूळव्याध असेल” म्हणून औषधाच्या दुकानात जायचे नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचे. हे प्रत्येक घरात जाऊन सांगा.

ही वही फक्त मुसलमानांची ठेवू नका. वस्तीत जो राहतो तो आपला. पुढच्या शिबिराला याल तेव्हा किती भाषणे झाली ते मला सांगू नका. वहीत किती नावे आहेत आणि त्यातल्या किती जणांची पहिल्या वर्षाची कोलोनोस्कोपी झाली, एवढे दोन आकडे आणा. ज्यांची झाली नाही, त्यांची का झाली नाही, यावर आपण तेव्हा पूर्ण दिवस बोलू.